पाईप गुडगुडतो, विझतो, जीभ पोळते? नवा पाईप घेण्याआधी हे तपासा

लक्षणं

पाईप अर्धा संपला की आतून गुडगुड ऐकू येते. जरा जोरात ओढलं की कडवट-आंबट पाण्याचा थेंब थेट जिभेवर येतो. दर चार-पाच झुरक्यांनी विझतो, मग पुन्हा काडी, पुन्हा काडी. बाऊल, म्हणजे तंबाखू भरायची वाटी, गालाला टेकवला तर चटका बसतो. संपल्यावर तळाशी काळा ओला लगदा उरतो, आणि दुसऱ्या दिवशी भाकरीसोबत ठेचा खाताना जिभेच्या शेंड्याची आग होते.

यातली दोन-तीन लक्षणं एकत्र दिसत असतील तर पुढचं सगळं क्रमाने वाचा. गुडगुड नाही, विझत नाही, पण पहिल्या झुरक्यापासून तोंड कडू होतं, एवढंच असेल तर सरळ सहाव्या तपासणीवर जा.

आपल्याकडे संभाजीनगर, जालना, परभणी, लातूर या पट्ट्यात पाईप ओढणारे मोजकेच. त्यामुळे कुणाचा पाईप बिघडला की तो फिरत फिरत माझ्याकडे येतो. फोनवरचं वाक्यही ठरलेलं असतं: “काका, पाईप लई गुडगुड करायलाय, बदलून घेऊ का?” बदलू नका. बहुतेक वेळा पाईप ठीक असतो, तंबाखू ओली असते. आणि ती ओली की कोरडी हे आपल्याकडे डब्यापेक्षा महिन्यावर जास्त ठरतं.

(हे सगळं आधीपासून पाईप ओढणाऱ्या मोठ्या माणसांसाठी आहे. ज्यांनी सुरू केलेला नाही, त्यांनी सुरू करू नये. शेवटचा भाग मात्र ओढणाऱ्यांनी टाळू नये.)

सगळी लक्षणं एकदम का येतात

तंबाखू जळताना वाफ होतेच. पानात मुरलेली ओल असते, शिवाय जळण्यातूनही थोडं पाणी तयार होतं. ही वाफ बाऊलमधून खाली दांडीत येते. दांडी आणि स्टेम (तोंडात धरायची नळी) जिथे जोडलेले असतात तिथे लाकूड तुलनेने गार असतं, आणि बारीकशी फटही असते. वाफेचं तिथे पाणी होतं. धूर त्या पाण्यातून जायला लागला की गुडगुड सुरू.

ओली तंबाखू विस्तव धरत नाही. विझू नये म्हणून माणूस जोरात ओढतो. जोरात ओढलं की बाऊल तापतो, वाफ वाढते, आणि ती गरम वाफ जिभेवर येते. म्हणजे विझणं, गुडगुडणं आणि जीभ पोळणं ही बहुधा तीन दुखणी नसतात. सुरुवातीची ओल काढली की तिन्ही एकत्र जातात. म्हणून तपासणीही तिथूनच सुरू करायची.

१. वेग. खर्च शून्य.

पुढचा पाईप ओढताना फक्त एवढंच बघा: तो गालाला टेकवता येतो का? येत नसेल तर तुम्ही घाईत आहात. खाली टेबलावर ठेवा, मिनिटभर थांबा. विझला तर विझू द्या. पाईप विझण्यात काही कमीपणा नाही, जुने ओढणारेही दोन-तीनदा पेटवतातच.

सिगारेटवरून पाईपकडे आलेल्यांची ही हमखास अडचण. त्यांचा हात आणि श्वास सिगारेटच्या ठेक्यात असतो. पाईपचा धूर छातीत घ्यायचा नसतो, तोंडात खेळवून सोडायचा असतो. धूर किती निघतो याकडे बघू नका. बारीक धुरात चव जास्त असते. एक मध्यम बाऊल पाऊण तास चालायला हरकत नाही, वीस मिनिटांत उरकला तर जीभ पोळणारच.

ही तपासणी पहिली ठेवली कारण हिला काही लागत नाही आणि निदान अर्धी तक्रार हिच्यात मिटते.

२. तंबाखूची ओल. खर्च शून्य, आणि इथेच सगळ्यात जास्त वेळ द्या.

चिमूटभर तंबाखू अंगठा आणि दोन बोटांत दाबा, मग सोडा. गोळा तसाच चिकटून राहिला तर ओली. सोडताच हळूहळू उलगडली तर योग्य. कुरकुर आवाज होऊन भुगा झाला तर फार कोरडी.

आता कुठली तंबाखू आहे ते बघा, कारण प्रत्येक मिश्रणाची ओल वेगळी वागते.

व्हर्जिनिया म्हणजे गरम हवेच्या भट्टीत वाळवलेलं पान. त्यात साखर भरपूर. गवताचा, ताज्या पावाचा, कधी संत्र्याच्या सालीचा वास येतो. मला स्वतःला हीच सगळ्यात आवडते, पण जीभ पोळवण्यातही हिचाच नंबर पहिला, कारण साखरेची तंबाखू घाईने ओढली की खूप गरम जळते. ती बहुधा फ्लेक म्हणून येते: दाबून वडी केलेली आणि पातळ कापलेली. सॅम्युएल गॉविथची ‘फुल व्हर्जिनिया फ्लेक’ त्यातली नावाजलेली. फ्लेक डब्यातून ओलसरच निघते. तिचा स्वभावच तो. चकत्या हाताने मोकळ्या करा, कागदावर पसरा, मगच भरा. डबा उघडला आणि लगेच भरली, तर पुढची गुडगुड ठरलेली.

बर्ले हवेत, सावलीत वाळवलेली. साखर कमी, चव सुक्यामेव्याची, थोडी कोकोची. ओल सांभाळायला सोपी. पण अंगाने कडक असते. रिकाम्या पोटी ओढली तर गरगरतं आणि मळमळतं. तो पाईपचा दोष नाही, निकोटिनचा आहे. पाईप खाली ठेवा, काहीतरी गोड खा.

लताकियाचं नाव सीरियातल्या बंदरावरून आलं. सायप्रसची लताकियाही तितकीच प्रसिद्ध. हे पान लाकडाच्या धुरावर वाळवतात. हुरड्याच्या दिवसांत शेतातली आगटी विझल्यावर शालीला जो वास राहतो, त्याच्या अगदी जवळ जाणारा तिचा वास. घरातल्यांना तो आवडेलच असं नाही. आमच्याकडे तर ही फक्त अंगणातच पेटते. लताकियाची इंग्लिश मिश्रणं संथ आणि गार जळतात, म्हणून जीभ पोळणाऱ्यांना मी आधी हीच देऊन बघतो. डनहिलची पाईप तंबाखू २०१८ मध्ये थांबली, पण ‘अर्ली मॉर्निंग पाईप’ आणि ‘नाइटकॅप’ आता पीटरसनच्या नावाने मिळतात. पहिली हलकी. दुसरी जेवणानंतरचीच. तिच्यात पेरिकही असते: अमेरिकेतल्या लुइझियानात पिंपांमध्ये दाबून आंबवलेली, मिरीसारखी चुरचुरणारी तंबाखू.

आणि सगळ्यात जास्त फसवतात त्या सुगंधी तंबाखू: व्हॅनिला, चेरी, रमच्या वासाच्या. नवशिक्यांच्या हातात बहुधा हीच पडते, कारण भेट म्हणून हीच येते आणि खोलीत वास छान पसरतो. त्यातल्या बऱ्याच तंबाखूंवर प्रोपिलीन ग्लायकोल असतं. ते ओल धरून ठेवतं, त्यामुळे कितीही वाळवली तरी बोटांना ती थोडी चिकट लागतेच. बोटांचा अंदाज इथे चालत नाही. ओळखीचा कोरडेपणा येईल म्हणून वाट बघत बसू नका, अर्धा-पाऊण तास पसरून ठेवा आणि थोडी भरून बघा. गुडगुड तरीही राहिली तर पुढच्या वेळी पाईप तीन-चतुर्थांशच भरा. सुगंधी तंबाखूचा शेवटचा चतुर्थांश तसाही चवीचा नसतो.

किती वेळ वाळवायची, याचं उत्तर इंग्रजी पुस्तकांतून घेऊ नका. ते लिहिणारे गार, दमट देशातले. माझा अंदाज असा. एप्रिल-मे मध्ये, दुपारी पारा चाळिशीपार असताना, पंख्याखाली सुटी तंबाखू पाच-दहा मिनिटांत तयार होते आणि अर्ध्या तासात भुगा होते. पसरून झोपून गेलात तर विसरा. जुलै-ऑगस्टमध्ये झड लागलेली असताना मोकळी केलेली फ्लेक दीड तास ठेवली तरी मऊच राहते. मग ती टेबल लॅम्पखाली ठेवायची. डिसेंबरात वीस-तीस मिनिटं.

एक खास आपल्याकडची चूक: उन्हाळ्यात कूलरसमोर तंबाखू वाळत घालणं. कूलर पाण्यावरून हवा फेकतो. तंबाखू वाळायच्या ऐवजी ओली होते, आणि बाहेर एवढं ऊन असताना पाईप का गुडगुडतो याचं कोडं सुटत नाही. बीडच्या एका मित्राचं सगळं दुखणं एवढंच होतं. डबा कूलरच्या खोलीतून माजघरात हलवला आणि तक्रार संपली.

उलट टोक: मे महिन्यात डब्यातली तंबाखू भुगा झाली तर तीही जीभ पोळवते, कारण ती भरभर आणि गरम जळते. लोक त्यात बटाट्याची साल किंवा सफरचंदाची फोड टाकतात. करू नका, बुरशी धरते. फुटक्या माठाचा स्वच्छ तुकडा घ्या, वीस मिनिटं पाण्यात भिजवा, वरचं पाणी पुसून तंबाखूसोबत झाकणबंद काचेच्या बरणीत ठेवा. दुसऱ्या दिवशी चिमटीत दाबून बघा. जमली की तुकडा काढून घ्या. बरणी नवी घ्या. लोणच्याची बरणी कितीही घासली तरी तिचा वास जात नाही.

पावसाळ्यात बरणी उघडून बघत जा. पानावर पांढरा-करडा लोकरीसारखा थर आणि ओल्या गोणपाटासारखा वास म्हणजे बुरशी. वरची काढून खालची वापरू नका, सगळी फेका. जुन्या व्हर्जिनियावर चमकणारे बारीक खडे दिसतात ते वेगळे, त्यांची काळजी नको.

आणि पानटपरीवरची खायची तंबाखू, जर्दा किंवा बिडीचा चुरा पाईपमध्ये भरून बघायचा मोह झाला असेल तर तो आवरा. भुगा छिद्रात अडकतो, निकोटिन आवाक्याबाहेर जातं, आणि जर्द्यात आणखी काय काय मिसळलेलं असतं ते जळल्यावर काय होतं, हे आपल्याला तपासायचं नाही.

३. भरणं. खर्च: आणखी थोडी तंबाखू.

पाईप भरून, न पेटवता एक झुरका घ्या. हवा अगदी मोकळी आली तर सैल भरलाय, सारखा विझेल. गाल आत ओढले गेले तर घट्ट भरलाय. सगळं काढून पुन्हा भरा. वरून काडीने टोचून मोकळं करायला जाऊ नका, तळाचा गोळा तसाच राहतो.

तीन चिमट्यांत भरायचा. पहिली नुसती आत पडू द्यायची, दुसरी हलकी दाबायची, तिसरी जरा जोराने. तळ सैल राहिला तर हवा खेळते आणि पाणी साचायला जागा कमी मिळते. गुडगुडणाऱ्या पाईपमध्ये बहुधा पहिलीच चिमूट ठासलेली सापडते.

पेटवताना काडीचा गुल जळून गेल्यावरच ती तंबाखूवर आणा. पहिल्यांदा सगळा पृष्ठभाग पेटवा, तंबाखू फुगून वर येते. ती टॅम्परने (तंबाखू दाबायच्या छोट्या दट्ट्याने) हलकी बसवा आणि दुसऱ्यांदा पेटवा. खरी सुरुवात ही दुसरी. पेट्रोलचा लायटर नको, पहिले दहा झुरके पेट्रोलचेच लागतात.

४. पाईप क्लीनर. खर्च: एक पाकीट.

गुडगुड ऐकू आली की ओढणं थांबवा. स्टेम न काढता, तोंडाच्या बाजूने पाईप क्लीनर (सूत गुंडाळलेली लवचीक तार) आत सरकवा, क्षणभर ठेवा, बाहेर काढा. तपकिरी आणि ओला निघेल. पुन्हा ओढा. झालं.

स्टेम न काढता, हे महत्त्वाचं. पाईप गरम असताना लाकूड फुगलेलं असतं. तेव्हा स्टेम पिळून ओढला तर त्याची खुंटी, म्हणजे दांडीत बसणारं टोक, आतच तुटते आणि फुकटात मिटणारी अडचण थेट शेवटच्या पायरीवर जाते.

क्लीनर आपल्याकडे सहज मिळत नाहीत. स्टेशनरीच्या दुकानात मुलांच्या हस्तकलेसाठी रंगीत लोकरी तारा मिळतात, त्या याच नावाने विकतात. त्या सहसा कृत्रिम धाग्याच्या असतात, पाणी शोषत नाहीत. सुताचेच मागवा. खराट्याच्या काडीला कापूस गुंडाळून घालणारेही आहेत. त्यांच्या काड्या मी चिमट्याने काढल्या आहेत.

५. विश्रांती.

एकच पाईप सकाळ-संध्याकाळ चालवत असाल तर लाकूड वाळतच नाही. पाईपचं लाकूड ब्रायर, म्हणजे भूमध्य सागराकाठच्या एका झुडपाची मुळाजवळची गाठ. ते ओल शोषतं आणि सावकाश सोडतं. एका वापरानंतर निदान एक दिवस द्या, पावसाळ्यात दोन. गार झाल्यावर स्टेम काढा, सुका क्लीनर आत ठेवा, बाऊल खाली करून उभा करा. दुसरा साधा पाईप घेणं इथे शहाणपणाचं. हौस म्हणून नाही, फेरपालट म्हणून.

उन्हात वाळवू नका. काळा रबरी स्टेम व्हल्कनाइटचा असेल तर ऊन लागून हिरवट-तपकिरी पडतो आणि तोंडात गंधकाची चव येते.

६. आतली सफाई. खर्च: थोडी व्होडका, एक दुपार.

पहिल्या झुरक्यापासून कडू लागणारा पाईप इथे येतो. दांडीत साचलेलं काळं तेलकट किटण धुराची वाट अरुंद करतं. अरुंद वाटेत वाफ लवकर गार होते, म्हणून गुडगुडही वाढते.

पाईप पूर्ण गार. स्टेम सावकाश फिरवून काढा. क्लीनर व्होडकात बुडवून दांडीतून आणि स्टेममधून फिरवा, स्वच्छ निघेपर्यंत. बाहेरच्या पॉलिशला थेंब लागू देऊ नका, डाग पडतो. फार जुनाट वास असेल तर बाऊलमध्ये कापूस भरून तो व्होडकाने ओला करा आणि रात्रभर ठेवा. नंतर दोन दिवस पाईप वापरायचा नाही. मेडिकलमधलं सर्जिकल स्पिरिट वापरू नका, त्यात न पिण्यासाठी घातलेली द्रव्यं असतात आणि ही तोंडात धरायची वस्तू आहे.

बाऊलच्या आतला कोळशाचा थर पूर्ण खरवडू नका. एक-दीड मिलिमीटर हवा असतो, तो लाकडाला वाचवतो. जास्त झाला तर मात्र कमी करा. जाड थर तापून लाकडापेक्षा वेगळा फुगतो आणि बाऊल तडकतो. टोकदार चाकूने नको, बोथट पात्याने.

७. फिल्टरची पोकळी.

ऑनलाइन घेतलेल्या बऱ्याच पाईपमध्ये ९ मिलिमीटर फिल्टरसाठी जागा असते. फिल्टर संपले, आपल्याकडे मिळेनात, म्हणून लोक तसाच ओढतात. मग ती रिकामी पोकळी म्हणजे पाणी साचायची टाकीच. फिल्टर घाला किंवा पोकळी भरणारा ॲडाप्टर मागवा. स्टेमला आतून धातूची नळी जोडलेली असेल तर ती काढून एकदा ओढून बघा. बऱ्याचदा गुडगुड त्या नळीसोबतच निघून जाते.

८. छिद्राची जागा.

वरचं सगळं केलं, तंबाखू नीट वाळवली, तरी गुडगुड आहे? मग क्लीनर तोंडाकडून घालून बाऊलमध्ये कुठे निघतो ते बघा. अगदी तळाला निघायला हवा. तळापासून बराच वर निघत असेल तर खाली उरलेली तंबाखू कधीच जळणार नाही, ओला लगदा होणारच. थोडाच फरक असेल तर बारीक चाळलेली सिगारची राख पाण्यात कालवून तळाला लिंपतात आणि काही दिवस वाळवतात. क्लीनर दांडी-स्टेमच्या जोडाशीच अडत असेल तर दोन छिद्रं एका रेषेत नाहीत. हे घरी नीट होत नाही, ड्रिल तर मुळीच लावू नका.

इथे थांबा

खालीलपैकी काही दिसलं तर पाईप बाजूला ठेवा.

बाऊलला आरपार तडा गेलेला. बाहेरून एकाच जागी असह्य गरम लागतं किंवा तिथलं पॉलिश काळं पडतंय: लाकूड आतून जळतंय. स्टेमची खुंटी तुटलेली. यातल्या कशालाही झटपट चिकटणारा डिंक किंवा एम-सील लावू नका. धूर त्यावरून जातो आणि तो तुमच्या तोंडात येतो.

तुटलेली खुंटी हा यातला दुरुस्त होणारा प्रकार. संभाजीनगरच्या वाळूज किंवा चिकलठाणा औद्योगिक वसाहतीत बारीक काम करणारा लेथवाला गाठा. तुटलेले दोन्ही तुकडे सोबत न्या आणि डेलरिन या कडक प्लास्टिकच्या दांड्यातून नवी खुंटी कातून मागा. माप दांडीच्या भोकावरून घ्यायला सांगा, तुटक्या खुंटीवरून नाही, ती झिजलेली असते. आरपार तडकलेला किंवा जळलेला बाऊल, तुमचा कितीही लाडका असला तरी, कपाटात शोभेला ठेवा. वडिलांचा, आजोबांचा पाईप असेल तर पाईप दुरुस्त करणाऱ्या जाणत्या माणसाकडेच पाठवा, लेथवाल्यालाही हात लावू देऊ नका.

दुसरं थांबणं तोंडाचं. पाईपने पोळलेली जीभ दोन-चार दिवस विश्रांती दिली की बरी होते. तोवर पाईप बंद, फक्त ‘हलकी तंबाखू’ नव्हे. दोन आठवड्यांनी न भरलेला व्रण, पांढरा किंवा लाल चट्टा, गाठ, गिळताना टोचणं, तोंड पूर्वीइतकं न उघडणं, यातलं काहीही असेल तर ते या लेखातल्या कुठल्याच तपासणीने जाणार नाही. टाळूवर पांढरट थर आणि त्यात लाल ठिपके हे तर पाईप ओढणाऱ्यांत खास दिसतं. धूर छातीत घेत नाही म्हणून आपण सुटलो, असं नाही. तोंडाच्या कर्करोगाचा धोका पाईपनेही वाढतो, सोबत सुपारी असेल तर आणखी. दंतवैद्याला दाखवा, पाईप ओढतो हे न लाजता सांगा. संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालय आहे, तिथे तपासणी होते. सोडायचं मनात असेल तर १८००-११-२३५६ हा तंबाखू सोडण्यासाठीचा राष्ट्रीय मोफत क्रमांक आहे.

पाईप घेऊन माझ्याकडे यायचंच असेल तर सोबत तंबाखूचा डबाही आणा. नुसता पाईप बघून मला काहीच सांगता येत नाही.